पुळणीचे दफ्तर

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाला १८७३ साली देणगीदाखल मिळालेल्या चित्रांत हेंड्रिक व्हॅन अँथोनिसन ह्या डच चित्रकाराने १६४१ च्या सुमारास रंगविलेले एक सागरदृश्य होते. वर करड्या ढगांनी व्यापलेले विस्तीर्ण आकाश, खाली ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू, एका अंगाला वाळूच्या टेकड्या, आणि पुळणीवर व टेकडीच्या माथ्यावर घोळक्याघोळक्याने उभी राहिलेली माणसे, असा त्याचा थाट. दिवस वाऱ्याचा व गारठ्याचा दिसतो, समुद्रावर पाहण्याजोगे काही नाही, आणि तरीही ही एवढी मंडळी आपापली कामे सोडून तेथे कशासाठी जमली आहेत, हा प्रश्न कोणाला पडला असलाच तरी त्याचे उत्तर चित्रात नव्हते. २०१४ साली पिवळे पडलेले जुने रोगण उतरविण्यासाठी ते चित्र विद्यापीठाच्याच हॅमिल्टन कर संस्थेत गेले, तेव्हा तेथील एका तरुण संवर्धिकेच्या हाताखाली प्रथम क्षितिजापाशी अधांतरी उभा असलेला एक माणूस प्रकट झाला. मग त्याच्या शेजारी शिडासारखे काहीतरी दिसू लागले. आणि अखेर ते शीड म्हणजे एका देवमाशाचा पर आहे, व चित्राच्या ऐन मध्यभागी त्या देवमाशाचे प्रचंड धूड वाळूवर येऊन पडलेले आहे, असे निष्पन्न झाले.

हा देवमासा झाकला कोणी? रंगाच्या थरावरून पाहता अठराव्या शतकात किंवा एकोणिसाव्याच्या आरंभी केव्हातरी ही लपवाछपवी झाली असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मेलेले जनावर दिवाणखान्याच्या भिंतीवर नको म्हणून एखाद्या मालकाने, किंवा गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून एखाद्या व्यापाऱ्याने ती केली असावी. करणारा कोणीही असो, त्याच्या त्या दोनचार हात रंगामागे किनारा म्हणजे काय ह्याविषयीची एक निश्चित समजूत उभी होती. समुद्रकिनारा पाहण्यास, त्याच्यावर प्रेम करण्यास आणि त्याच्यासाठी पैसे मोजण्यास माणसाला चित्रांनी शिकविले, हे पुष्कळांनी म्हटले आहे व ते खरेही आहे. परंतु किनाऱ्यावरचे काय पाहू नये हेही चित्रांनीच शिकविले, आणि ज्या किनाऱ्यावर हा धडा गिरविला गेला त्याची माती, वाळू व वस्तीसुद्धा त्या शिकवणीबरहुकूम हळूहळू पालटत गेली, ही गोष्ट मला त्या चित्रातल्या गावाच्या, म्हणजे स्खेव्हेनिंगेनच्या, चारशे वर्षांच्या चित्रांवरून जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसते.

हेग हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. सावरकरांच्या मार्सेय बंदरातील उडीनंतर इंग्लंड व फ्रान्स यांच्यात उद्भवलेल्या वादाचा निवाडा १९११ साली तेथल्याच लवादाने दिला होता. त्या शहरापासून चारपाच किलोमीटरांवर, उत्तर समुद्राच्या काठी, स्खेव्हेनिंगेन हे मूळचे मच्छीमारांचे गाव आहे. आता ते हेगच्या नगरपालिकेतच मोडते. ह्या किनाऱ्याला खडक नाहीत, खाडी नाही, आणि विसाव्या शतकापर्यंत बंदरही नव्हते. होती ती सरळसोट पुळण, तिच्या मागे वाऱ्याने रचलेल्या व हेल्म नावाच्या राठ गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांच्या पलीकडे समुद्राच्या पातळीहून बऱ्याच ठिकाणी सखल असलेला देश. तात्पर्य, आपल्याकडे ज्या वाळूला कोणी मोल देत नाही तीच तिकडे तटबंदी. १५७० च्या नोव्हेंबरातील महापुरात समुद्राने ह्या गावाचा मोठा भाग गिळला आणि एकेकाळी वस्तीच्या पोटात असलेले चर्च लाटांच्या जवळ आले, ह्याची आठवण गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली.

अशा किनाऱ्याचे सतराव्या शतकातील चित्रण पाहू लागले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की त्या चित्रकारांना समुद्राच्या भव्यतेची फारशी पर्वा नव्हती. पुळण ही त्यांच्या लेखी गावाची हमरस्त्याइतकीच वर्दळीची, सार्वजनिक व उपयोगाची जागा होती. तेथे मासळीचा लिलाव होई, सपाट तळाच्या होड्या थेट वाळूवर ओढल्या जात, हेगचे घरंदाज लोक गाड्या घेऊन फिरावयास येत, आणि राज्यातल्या मोठ्या घटनाही तेथेच घडत. १५९८ मध्ये जवळच्या बेर्कहे येथे स्पर्म जातीचा देवमासा येऊन पडला तेव्हा हेंड्रिक गोल्टझियसने त्याचे रेखाटन केले व त्यावरून याकोब माथामने कोरलेली छापचित्रे घरोघर गेली. स्पेनशी युद्ध चालू असलेल्या त्या काळात असा मासा म्हणजे ईश्वराने धाडलेली ताकीद, असे मानणारे पुष्कळ होते, आणि दोरीने त्याची लांबीरुंदी मोजणारेही तितकेच होते. पुढे चार वर्षांनी, १६०२ च्या सुमारास, सिमॉन स्टेव्हिन ह्या गणितज्ञाने राजपुत्र मॉरिट्स याच्यासाठी बनविलेली शिडाची गाडी अठ्ठावीस माणसांना घेऊन ह्याच वाळूवरून दूरच्या पेटेनपर्यंत वाऱ्याच्या बळावर धावली. तिचीही छापचित्रे निघाली. १६५३ मध्ये ह्याच किनाऱ्यासमोर झालेल्या आरमारी लढाईत थोरला व्हिलेम व्हॅन द व्हेल्द लहानशा गलबतावर बसून गोळागोळीच्या अंतरावर कागदावर टिपणे करीत होता, आणि १६६० मध्ये परागंदा असलेला दुसरा चार्ल्स इंग्लंडचे तख्त घेण्यास निघाला तोही ह्याच पुळणीवरून. त्या प्रसंगाची चित्रे अनेकांनी काढली.

ह्या सर्वांत माझ्या आवडीचे चित्र विचाराल तर ते आड्रियान व्हॅन द व्हेल्दचे, १६५८ सालचे. आता ते जर्मनीत कासेलला आहे. त्यात लढाई नाही, राजा नाही, देवमासाही नाही. उन्हाने पांढुरकी झालेली वाळू, चार माणसे, एक गाडी, पाण्यात पाय बुडवून उभी मुले, एवढाच ऐवज; पण आकाशाला चित्राचा मोठा हिस्सा देऊन टाकण्याचे जे धाडस त्या पिढीने केले, त्यामुळे माणूस ह्या किनाऱ्यावर किती लहान दिसतो हे दाखविण्यासाठी त्याला मुद्दाम लहान करावे लागले नाही. ह्याच दशकांत ह्याच प्रजासत्ताकाच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार आमच्या वेंगुर्ल्यास चालू होती; तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. मिऱ्यांचा भाव व गोव्याच्या पोर्तुगीजांच्या हालचाली ह्यांवर नजर ठेवणाऱ्या त्या कारभाऱ्यांना वेंगुर्ल्याची पुळण कशी दिसली असेल, असे ते चित्र पाहताना उगाच मनात येते.

मग काळ पालटला. १८१८ मध्ये याकोब प्रोंक नावाच्या गावकऱ्याने पुळणीवर लाकडी स्नानगृह बांधले, १८२६ मध्ये राजाने प्रकृतीने नाजूक असलेल्या राणीसाठी टेकडीवर एक मंडप उभारण्यास घेतला, १८६४ मध्ये हेगहून घोड्यांची ट्राम धावू लागली, आणि १८८५ मध्ये कुरहाउस ह्या राजवाड्यासारख्या हॉटेलाने त्या सगळ्यावर कळस चढविला. समुद्राचे पाणी औषधी आहे, समुद्राची हवा आरोग्यकारक आहे व समुद्राचे दर्शन मनाला उन्नत करणारे आहे, ही तिन्ही मते युरोपात एकदमच बळावली. त्यातल्या तिसऱ्या मताचा प्रसार चित्रकारांनी केला, आणि ह्या तिन्हींचा वसूल हॉटेलवाल्यांनी घेतला. व्हॅन अँथोनिसनचा देवमासा ज्या काळात झाकला गेला असे मानतात तो काळ ह्या पालटाच्या अलीकडचा-पलीकडचाच आहे, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. जी जागा कामाची होती ती विश्रांतीची झाली, आणि विश्रांतीच्या जागी कुजणारे प्रेत खपत नाही.

ह्या तर्काला पुष्टी देणारी आणखी एक मजेची हकीकत आहे. आंतोन माउव्ह याने १८७६ मध्ये रंगविलेल्या एका चित्रात सकाळच्या उन्हात तीन घोडेस्वार, त्यांत एक स्त्री, टेकडीवरून पुळणीकडे उतरत आहेत. पाठमोरे घोडे, समोर निळसर समुद्र, दूर पाण्याकाठी स्नानासाठीच्या चाकांवरच्या खोल्या. उंची वस्त्रे, उमदी जनावरे व स्वच्छ प्रकाश ह्यांचा एवढा मेळ साधणाऱ्या माउव्हने अग्रभागी वाळूवर घोड्यांची लीदही प्रामाणिकपणे रंगविली होती. पुढे कोणा मालकाला ती सहन झाली नाही व तिच्यावर वाळूच्या रंगाचा हात फिरला. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील संवर्धकांनी तो थर काढला तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. घोड्यावरून रपेट करण्याचे सुख हवे पण घोड्याचे पोट नको, ही वृत्ती एका मालकापुरती असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण सांडपाणी, मासळीचा वास, कोळ्यांच्या झोपड्या व सुकत घातलेली जाळी ह्यांना पर्यटनस्थळाच्या वेशीबाहेर घालविणारी वृत्ती हीच, आणि ती कोठल्याही देशाच्या किनाऱ्यावर आज बघावयास मिळते.

हेंड्रिक विलेम मेसडाख ह्या माणसाची गोष्ट मात्र ह्या वृत्तीला छेद देणारी आहे. तो ख्रोनिंगनच्या एका सावकारी पेढीचा वारस. जन्म १८३१ चा. पस्तीस वर्षांचा होईपर्यंत त्याने वडिलांच्या पेढीवर हिशेब पाहिले आणि १८६६ मध्ये, पत्नी सिंत्ये हिच्या वाट्याला आलेल्या वारशाच्या आधारावर, पेढी सोडून तो चित्रकला शिकण्यासाठी ब्रुसेल्सला गेला. १८६८ च्या उन्हाळ्यात नॉर्डरनाय बेटावर समुद्राने त्याला झपाटले; पुढच्याच वर्षी तो हेगला येऊन राहिला, आणि स्खेव्हेनिंगेनला समुद्राकडे तोंड असलेली एक खोली भाड्याने घेऊन लाटा न्याहाळू लागला. १८७० च्या पॅरिसच्या सालोंमध्ये त्याच्या लाटांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले तेव्हा त्याला हाती कुंचला धरून फार वर्षे लोटली नव्हती. सिंत्येही चित्रकार होती, आणि माझ्या मते वाळूच्या टेकड्यांचे तिला जे आकलन होते ते नवऱ्याला नव्हते. त्याला समुद्र कळे, तिला जमीन कळे.

त्या काळी युरोपात वर्तुळाकार भव्य चित्रांचा, म्हणजे पॅनोरामांचा, धंदा तेजीत होता. गोल इमारत बांधायची, आतल्या भिंतीभोवती अखंड कॅनव्हास ताणायचा, तिकीट लावून लोकांना मधल्या चौथऱ्यावर आणायचे आणि रणांगणाच्या किंवा परक्या शहराच्या ऐन मध्यभागी उभे असल्याचा भास करून द्यायचा, असा तो मामला. एका बेल्जियन कंपनीने मेसडाखला असा पॅनोरामा करण्याचा मक्ता दिला, तेव्हा त्याने लढाई नाकारून स्खेव्हेनिंगेन निवडले. पुळणीलगत सेनपोस्ट नावाची एक उंच टेकडी होती. तिच्यावर काचेचे एक नळकांडे उभे करून, त्याच्या आत बसून, सभोवार दिसणाऱ्या दृश्याच्या रेषा त्याने थेट काचेवर उमटविल्या व मग त्या मोठ्या करून कॅनव्हासवर उतरविल्या. कॅनव्हास चौदा मीटर उंचीचा व सुमारे एकशेवीस मीटर घेराचा. एवढे क्षेत्र एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. सिंत्ये, तेओफिल द बॉक, बर्नार्ड ब्लॉमर्स व तेव्हा अवघ्या तेविशीत असलेला ब्राइटनर, अशी मंडळी कामाला लागली आणि काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १८८१ रोजी, तो लोकांसाठी खुला झाला. पुळणीवर पांढऱ्या छत्रीखाली ईझल मांडून बसलेली सिंत्ये त्यात आहे.

हा पॅनोरामा हेगमध्ये आजही पाहता येतो. अंधाऱ्या वाटेने जाऊन गोल जिना चढला की माणूस एकदम उजेडातल्या टेकडीवर येतो: एका दिशेस समुद्र व वाळूवर ओढून ठेवलेल्या बुटक्या, रुंद, सपाट तळाच्या मच्छीमार होड्या, दुसरीकडे लाल कौलांचे गाव, तिसरीकडे टेकड्यांपलीकडे हेगचे मनोरे, पुळणीवर कवायत करणारे घोडदळ. कॅनव्हासचा खालचा काठ दिसू नये म्हणून चौथऱ्याभोवती खरी वाळू पसरली आहे व तिच्यावर लाकडी जोडे, नांगर, जाळी अशा खऱ्या वस्तू टाकल्या आहेत. वरचा काठ छत्रीसारख्या छपराने झाकला आहे. ह्या युक्त्या त्या काळच्या सर्वच पॅनोरामांत असत. ह्यातला खरा कारागीर म्हणजे छतातून येणारा उजेड: बाहेर ढग आला की आतला समुद्र काळवंडतो, ऊन पडले की वाळू उजळते, आणि ज्या समुद्राचे पाणी १८८१ मध्ये थिजले त्याच्यावर आजचे हवामान चालत राहते.

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की मेसडाखने काही झाकले नाही. समुद्राच्या निर्मळ भव्यतेसाठी नावाजलेल्या ह्या चित्रकाराला नव्याने उठलेले बंगले, नगरपालिकेचे जुने स्नानगृह, राणीचा मंडप व शहराकडून सरकत येणारी वस्ती गाळून प्राचीन कोळीवाड्याचे एक गोड दृश्य उभे करणे सहज शक्य होते, आणि गिऱ्हाइकांना ते आवडलेही असते. तथापि हिशेबाच्या वहीत शिल्लक व देणे दोन्ही लिहिण्याची पेढीवरची सवय त्याला सुटली नसावी. दुसरी गोष्ट अशी, की ज्या सेनपोस्ट टेकडीवर उभे राहून हे दृश्य टिपले गेले, ती टेकडीच पुढे लवकरच कापून सपाट करण्यात आली, आणि तेथे समुद्राची शोभा पाहत बसण्यासाठी उपाहारगृह उभारले गेले. म्हणजे पॅनोरामाच्या चौथऱ्यावर आपण ज्या उंचीवरून पाहतो ती उंची आता जगात फक्त त्या इमारतीत आहे. समुद्र पाहण्याची गोडी लागलेल्या लोकांसाठी समुद्रापासून रक्षण करणारी टेकडी हटविली गेली, आणि ती गोडी लावणाऱ्यांत मेसडाखचा स्वतःचा वाटा लहान नव्हता. हा त्याच्यावरचा आरोप म्हणून मी मांडीत नाही. पण निसर्गाची सुंदर चित्रे काढली म्हणजे निसर्गाचे रक्षण आपोआप होते, अशी जी भाबडी समजूत आपल्याकडेही रूढ आहे तिला सेनपोस्टची टेकडी हे पुरेसे उत्तर आहे.

धंदा म्हणून पॅनोरामा बुडाला. लोकांचा उत्साह ओसरला, कंपनीचे दिवाळे वाजले, आणि १८८६ मध्ये झालेल्या लिलावात मेसडाखने आपलेच चित्र स्वतःच्या पैशाने विकत घेतले; पुढे वर्षानुवर्षे त्याची तूट तो भरून काढीत राहिला. अशा चित्रांचे कॅनव्हास त्या काळी गुंडाळून गावोगाव फिरविले जात व जीर्ण होऊन नष्ट होत. हे टिकले ते एका सावकाराच्या मुलाने तोट्याचा व्यवहार जाणूनबुजून पत्करला म्हणून.

पॅनोरामा खुला झाल्याच्याच महिन्यात तो पाहून गेलेल्यांत अठ्ठावीस वर्षांचा एक अप्रसिद्ध इसम होता, व त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात त्याचा आदराने उल्लेख केला: व्हिन्सेंट व्हॅन गॉग. वर्षभरानंतर, ऑगस्ट १८८२ मध्ये, तो स्वतः स्खेव्हेनिंगेनच्या पुळणीवर वादळी वाऱ्यात ईझल रोवून समुद्र रंगवीत होता. वारा इतका की उभे राहणे कठीण, आणि उडणारी वाळू ओल्या रंगावर अशी थापली गेली की त्याला ती खरवडून पुन्हा रंगवावे लागले. तरी काही कण रंगात राहिलेच, व ते आजही दिसतात. हे चित्र २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीस गेले आणि २०१६ मध्ये नेपल्सच्या परिसरात सापडले. मेसडाखच्या पॅनोरामात खरी वाळू कॅनव्हासच्या बाहेर, भास पुरा करण्यासाठी मांडलेली आहे; व्हॅन गॉगच्या चित्रात ती न बोलावता आत शिरली आहे. दोघांतला फरक समजावयास दुसऱ्या टीकाग्रंथाची गरज नाही.

पुळणीवरच्या त्या होड्यांचे आयुष्य ह्यानंतर फार उरले नव्हते. १८९४ च्या डिसेंबरात आलेल्या तुफानाने वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांचा चुराडा केला. बंदर हवे ही मच्छीमारांची जुनी मागणी तेव्हा कोठे सरकारला पटली, आणि १९०४ मध्ये बंदर झाले. होड्या बंदरात गेल्या, पुळण पाहुण्यांसाठी मोकळी झाली. त्यानंतरची पन्नास वर्षे किनाऱ्याच्या वाट्याला चित्रांपेक्षा काँक्रीट अधिक आले: दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गावातल्या लोकांना हलवून, घरे पाडून, टेकड्यांत तोफखाने व भुयारे खोदली, आणि १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री दक्षिणेकडील झेलांड व आसपासच्या मुलखात समुद्र बांध फोडून आत शिरला व १८३६ माणसे दगावली. चित्रकारही दृश्यातून निघून चालले होते. मोंद्रियानने १९१४-१५ च्या सुमारास झेलांडमधील डोंबुर्गच्या समुद्राला आडव्याउभ्या रेषांच्या चिन्हांत विरघळवून टाकले. पुढे १९६९ मध्ये यान डिबेट्सने ट्रॅक्टरने पुळणीवर एक मोठी चौकट आखली; दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ती काटकोनी दिसावी असा तिचा हिशेब होता, आणि चित्रीकरण संपते न संपते तोच भरतीने ती पुसून टाकली. भरती-ओहोटी चितारण्याऐवजी तिलाच कामाला लावण्याची ही कल्पना तेव्हा पुष्कळांना खुळेपणाची वाटली असेल. परंतु डच किनाऱ्याचे पुढचे सगळे प्रकरण तिच्यात बीजरूपाने आहे, असे मला वाटते.

कारण १९९० मध्ये डच सरकारने असे धोरण पत्करले की त्या वर्षी किनारा जेथे होता तेथून त्याला मागे हटू द्यायचे नाही, आणि ते शक्यतो भिंती बांधून नव्हे तर समुद्राच्या तळाची वाळू उपसून पुळणीवर व उथळ पाण्यात घालून साधायचे. २००१ पासून दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर वाळू अशी घातली जात असे. त्याच १९९० मध्ये तेओ यानसेन नावाच्या चित्रकाराने एका डच दैनिकातील आपल्या सदरात एक तजवीज सुचविली: समुद्राची पातळी वाढत आहे, तेव्हा वाऱ्यावर चालणारे, वाळू उकरून हवेत उडविणारे सांगाडे पुळणीवर सोडावेत, म्हणजे वारा ती वाळू टेकड्यांवर नेऊन टाकील. यानसेनचा जन्म १९४८ मध्ये स्खेव्हेनिंगेनलाच झालेला. डेल्फ्टला पदार्थविज्ञान शिकता शिकता ते अर्धवट टाकून तो चित्रकार झाला होता. बहुतेक लेखक अशी कल्पना लिहून दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या विषयाकडे वळतात. यानसेनने विजेच्या तारा घालण्याच्या पिवळ्या प्लास्टिकच्या नळ्या आणल्या, पायाच्या नळ्यांच्या लांबीचे योग्य प्रमाण संगणकावर शोधले, आणि अनेक पायांचे, शिडांचे, वाऱ्यावर खरोखर चालणारे प्राणी घडविण्यास प्रारंभ केला. त्यांतले काही प्लास्टिकच्या बाटल्यांत दाबलेली हवा साठवून ठेवतात, काही पाण्याचा स्पर्श होताच मागे फिरतात. हिवाळ्यात तो ते घडवितो, उन्हाळ्यात पुळणीवर नेतो, आणि शरद ऋतूत त्या वर्षीचा प्राणी नामशेष झाल्याचे जाहीर करून त्याचे सांगाडे जपून ठेवतो.

ह्या प्राण्यांनी वाळूची एकही टेकडी उभी केलेली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि वाळू वाऱ्याच्या व लाटांच्या स्वाधीन करून त्यांच्याकडूनच किनारा बांधून घ्यावा, ही जी त्यामागची मूळ कल्पना तीच, अगदी निराळ्या वाटेने, सरकारी अभियंत्यांनीही गाठली. २०११ साली हेगच्या दक्षिणेस, तेर हैडे व कैकडाउन ह्यांच्या दरम्यान, ‘झांडमोटर’ नावाची योजना पुरी झाली: २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी, आकड्याच्या आकाराची, समुद्रात घुसलेली, सुमारे १२८ हेक्टरांची एक लुटूपुटूची भूमी, ती टिकावी म्हणून नव्हे, तर सुमारे वीस वर्षांत लाटांनी व वाऱ्याने विस्कटून आसपासच्या पुळणींवर वाटून टाकावी म्हणून केलेली. आकाशातून घेतलेली तिची छायाचित्रे जगभर गेली, आणि त्यांत वर्षागणिक पालटत जाणारा तिचा आकार पाहताना हा सरकारी कारभाराचा भाग आहे की डिबेट्सच्या ट्रॅक्टरचे वाढलेले अपत्य, हे सांगणे कठीण होते. शेजारच्या कैकडाउनच्या टेकड्यांत १९९६ पासून जेम्स टरेल ह्या अमेरिकन कलावंताचा मातीचा एक लंबवर्तुळाकार कटोरा आहे. त्यातल्या दगडी बाकावर उताणे पडले की समुद्र दिसत नाही, आकाशाचा घुमट मात्र दिसतो. खुद्द स्खेव्हेनिंगेनचा किनारा हा संरक्षणातला एक कच्चा दुवा ठरला होता. तेथे मान्युएल द सोला-मोरालेस ह्या स्पॅनिश वास्तुशिल्पज्ञाने नवा वळणदार सागरी रस्ता आखला, व २०१३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या रस्त्याच्या पोटात समुद्राचा बांध दडविला. फिरावयास येणाऱ्यांतल्या थोड्यांनाच आपण बांधावरून चालत आहोत ह्याची जाणीव असते. येथेही पुन्हा झाकणेच आहे, आणि तरी ते मला देवमाशावरच्या त्या रंगासारखे वाटत नाही. का, ह्याचा विचार मी अनेकदा केला आहे, व समाधानकारक उत्तर एवढेच सापडले की ह्या वेळी झाकलेली वस्तू काम करीत आहे.

झांडमोटरवर पतंगवाले व भटकणारे येतात तसे एका निराळ्या जातीचे लोकही येतात. जी वाळू तेथे घातली गेली ती किनाऱ्यापासून काही किलोमीटरांवरच्या समुद्रतळातून उपसलेली आहे, आणि हिमयुगात पाणी बर्फात अडकलेले असताना तो तळ म्हणजे कोरडे मैदान होते; तेथे मॅमथ, लोकरी गेंडे व तरस चरत आणि शिकार करीत हिंडत असत. त्यांची हाडे व दाढा ह्या नव्या पुळणीवर भरतीबरोबर उघड्या पडतात, शाळेतली मुलेसुद्धा त्या वेचतात, आणि संग्रहालयांतले तज्ज्ञ सापडलेल्या वस्तूची छायाचित्रे पाठविण्याचे आवाहन त्यांना करतात. कोणत्या प्राण्याचे कोणते हाड, हे त्यांना बहुधा ओळखता येते. ते मूळचे तळातल्या कोणत्या थरातले, हे मात्र सांगता येत नाही, कारण उपसा करणाऱ्या जहाजांनी सगळे थर एकत्र कालविलेले असतात.